“निदान सलाईन तरी लावा”: कॅज्युअल्टीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी एकोणीस वर्षं डॉक्टर म्हणून काम करते आहे. गणेशोत्सवात रामबागेत या विषयावर बोलायला बोलावलं होतं. बोलणं अर्ध्या तासात संपलं, प्रश्न मात्र रात्री साडेदहापर्यंत चालले. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इथून आलेल्या मंडळींनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले प्रश्न मी घरी नेले. त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते: “तुम्ही काही करत का नव्हता?” काही बाबतींत जगभरच्या डॉक्टरांमध्येच अजून वाद आहे. तिथे दोन्ही बाजू सांगते, आणि माझं मतही.

आम्ही आधी आलो होतो. नंतर आलेल्याला आधी का घेतलं?

कॅज्युअल्टीत नंबर लागतो तो आजाराचा, येण्याच्या वेळेचा नाही. दारातच नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, साखर आणि शुद्ध बघून पेशंटला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग दिला जातो. याला ट्रायाज म्हणतात.

एका संध्याकाळी पतंगाच्या मांज्याने बोट कापलेला मुलगा आला. रक्त बरंच होतं, आई रडत होती. त्याच्या मागे पन्नाशीच्या एक काकू भाजीची पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या. जबडा दुखतोय एवढंच म्हणाल्या. आमच्या सिस्टरने पिशवी बाजूला घेताना त्यांचा हात धरला, तर तो गार आणि घामाने ओला. ईसीजीत मोठा हार्ट अटॅक निघाला. मुलाच्या बोटावर दाबून पट्टी बांधली आणि त्याला पाऊण तास थांबवलं. त्याच्या वडिलांना माझा फार राग आला होता.

बायकांमध्ये, मधुमेह्यांमध्ये आणि वयस्कर माणसांत हार्ट अटॅक छातीत दुखल्याशिवायही येतो, म्हणून रंग ठरवताना हीच माणसं निसटतात. दारावर अनुभवी सिस्टर असावी की सीनियर डॉक्टर, हा वाद जुना आहे. मला अनुभवी सिस्टर पुरेशी वाटते, पण तिच्या शब्दावर डॉक्टर लगेच उठून आला पाहिजे. बाहेर थांबलेल्या पेशंटची तब्येत बदलली तर पुन्हा येऊन सांगा. दहा वेळा सांगावं लागलं तरी सांगा.

ताप आहे, अशक्तपणा आहे. निदान सलाईन तरी का लावत नाही?

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. बाटली टांगली की उपचार सुरू झाले असं घरच्यांना वाटतं, आणि त्यांची ती धास्ती मला कळते. पण बाटलीत काय असतं ते बघा. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं. अन्न नसतं, जीवनसत्त्व नसतं, ताकद तर नसतेच. ज्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय त्याला त्याचा उपयोग. आणि तो माणूस तोंडाने पिऊ शकत असेल, तर एक लिटर पाण्यात एक पुडी ओआरएस तेच काम करतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली होती.

खरा वाद गंभीर पेशंटचा आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब कोसळला की भराभर सलाईन द्यायचं, असं आम्हाला शिकवलं गेलं. मग २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३१४१ तापाने गंभीर आजारी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झपाट्याने सलाईन दिलं त्यांच्यातली सुमारे १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना तसं दिलं नाही त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होतं. तो निबंध वाचला ती रात्र मला आठवते. आपण वर्षानुवर्षं जे डोळे झाकून करत आलो, त्याने काही पोरांचं नुकसानही झालं असेल, हा विचार झोपू देत नव्हता.

ती मुलं आफ्रिकेतली होती, बऱ्याच जणांना मलेरिया होता, आयसीयू हाताशी नव्हता, म्हणून तो निष्कर्ष सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. मोठ्या माणसांसाठी किलोमागे ३० मिलिलिटर हा नियम २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी काढला नाही, पण ‘द्याच’ऐवजी ‘द्यावं असं सुचवतो’ इतका मऊ केला. २०२३ मध्ये अमेरिकेत १५६३ पेशंटमध्ये एका गटाला भरपूर सलाईन दिलं आणि दुसऱ्या गटाला कमी सलाईन देऊन रक्तदाब वाढवणारं औषध लवकर दिलं. नव्वद दिवसांनंतर दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये फरक नव्हता. माझी पद्धत अशी: थोडं द्यायचं, पुन्हा पेशंटला हात लावून बघायचं, मग पुढचं ठरवायचं. पावसाळा सरताना आपल्याकडे डेंग्यूचे पेशंट वाढतात, तेव्हा तर हे फार सांभाळावं लागतं. डेंग्यूत पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपतं आणि जास्त दिलेलं सलाईन फुफ्फुसांभोवती आणि पोटात साचतं.

नॉर्मल सलाईन बरं की रिंगर लॅक्टेट (मिठाबरोबर इतरही क्षार असलेलं सलाईन), यावरही मोठे अभ्यास झाले. २०१८ मध्ये एका अमेरिकन रुग्णालयात रिंगरसारख्या द्रावांचा थोडा फायदा दिसला. नंतर ब्राझीलमध्ये आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. मी बहुतेकांना रिंगर देते. डोक्याला मार असेल तर नॉर्मल सलाईन.

आणि ऑक्सिजन? तो तर कोणालाही चालतो ना?

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये या शहराने सिलिंडरसाठी जी धावाधाव पाहिली, त्यानंतर ऑक्सिजन नको म्हणणं कोणालाही पटत नाही. पण तो औषध आहे आणि त्यालाही मात्रा असते. स्वीडनमध्ये हार्ट अटॅकच्या संशयाने आलेल्या ६६२९ लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. या सगळ्यांचा रक्तातला ऑक्सिजन मुळात ९० टक्के किंवा वर होता. निम्म्यांना मास्क लावला, निम्म्यांना नाही. वर्षभरात दगावलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच, पाच टक्क्यांच्या आसपास. आता आकडा खाली आल्याशिवाय आम्ही हार्ट अटॅकला मास्क लावत नाही.

बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुफ्फुसं खराब झालेल्यांमध्ये हा आकडा ८८ ते ९२ टक्के एवढाच ठेवायचा असतो. त्याहून वर नेला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून माणूस सुस्तावतो. नातेवाईक ऑक्सिजनची चावी वाढवून जातात, असं बऱ्याचदा घडतं. कृपा करून त्या चावीला हात लावू नका.

हार्ट अटॅकला थेट अँजिओप्लास्टी करावी की आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यावं?

तुम्ही कुठे आहात त्यावर ते ठरतं. इथे इंदूरातच, समजा पळशीकर कॉलनीत असाल तर थेट अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद शीर तारेने जाऊन फुग्याने उघडणं. तीच सर्वांत चांगली, रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत झाली तर. खरगोन, झाबुआ, बडवानी इथल्या पेशंटला इंदूर गाठायलाच काही तास लागतात. पहिल्यांदा डॉक्टर भेटल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर तिथल्या तिथे इंजेक्शन द्यावं आणि मग पेशंट इकडे पाठवावा. इंजेक्शनने शीर उघडली तरी ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची असते.

“इंजेक्शन कशाला, सरळ इंदूरलाच नेतो” म्हणून लोक गाडी काढतात आणि वाटेत हृदयाचा स्नायू मरत राहतो. तालुक्याच्या डॉक्टरला रक्तस्रावाची भीती असते, ती खोटी नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, वयस्करांत जास्त, म्हणून पंच्याहत्तरीपुढे टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मात्रा निम्मी केली जाते. त्या डॉक्टरला ईसीजी फोनवर पाहून “द्या, मी आहे” म्हणणारा हृदयरोगतज्ज्ञ मिळाला, तर निम्मा प्रश्न सुटतो. तामिळनाडूत मोठी आणि छोटी रुग्णालयं अशी जोडून दाखवली आहेत, आणि माळवा-निमाडातही ते शक्य आहे.

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात खाऊन घरी आल्यावर छातीत जळजळ सुरू होते, माणूस ईनो घेतो आणि पहाटे चारला आमच्याकडे येतो. गॅस आहे की हृदय, हे मलाही ईसीजीशिवाय सांगता येत नाही. तो काढायला दहा मिनिटं लागतात.

लकव्याचं इंजेक्शन साडेचार तासांतच का?

उशीर झाला की मेंदूचा तो भाग मेलेला असतो आणि तिथे रक्त सुटलं तर थांबत नाही. हे साडेचार तास तुम्ही लक्षण पाहिल्यापासून मोजत नाहीत, पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तिथून मोजतात. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला तोंड वाकडं झालेला उठला, तर घड्याळ दहालाच सुरू झालेलं असतं. मोठी शीर बंद असेल तर तारेने गुठळी काढण्याची वेळ निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत गेली आहे. २०१८ च्या दोन अभ्यासांनी ते दार उघडलं.

आधी अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध तासभर हळूहळू द्यावं लागे. टेनेक्टेप्लेज एका सुईत जातं, आणि २०२२ च्या कॅनडातल्या अभ्यासात ते अल्टेप्लेजपेक्षा कमी पडलं नाही. ते पुण्यातही बनतं. घरी ॲस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जातं.

शेतातलं औषध पोटात गेलं तर काय करता? मिठाचं पाणी पाजून ओकारी काढावी का?

नाही. ओकारी काढू नका, मिठाचं पाणी तर मुळीच नको. कपडे काढा, अंग धुवा, कुशीवर झोपवा आणि औषधाची बाटली सोबत आणा. ती गळकी असेल तर लेबलचा फोटो चालेल.

सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हे मुख्य औषध आहे, त्यावर वाद नाही. छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत न्यायची. मी अशा रात्री स्टेथोस्कोप कानातून काढतच नाही. वाद दुसऱ्या औषधावर आहे, प्रॅलिडॉक्सिम, ज्याला वॉर्डात ‘पाम’ म्हणतात. २००६ मध्ये आपल्या बारामतीच्या डॉक्टरांनी २०० पेशंटचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. लवकर आलेल्यांना मोठ्या मात्रेत सतत पाम दिलं, तर त्यांची प्रकृती जास्त चांगली राहिली. एका लहान गावातलं हे काम जगभर वाचलं गेलं. २००९ मध्ये श्रीलंकेत २३५ पेशंटमध्ये मात्र पामचा काहीच फायदा दिसला नाही. कदाचित कीटकनाशकं वेगळी होती, कदाचित पेशंट उशिरा आले होते. मला वाटतं पहिल्या काही तासांत आलेल्याला पाम द्यावं, पण त्याच्या शोधात ॲट्रोपिन थांबवू नये.

घरचे बऱ्याचदा “चुकून गेलं” म्हणतात, कारण पोलिसांची भीती. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मानलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जीव द्यायच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या ३०९ सारखं कलमही राहिलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण तुमच्या माणसाला गुन्हेगार ठरवायला नाही. आम्हाला खरं सांगा. आणि तो माणूस बरा झाला की त्याला रागावू नका, त्याच्याजवळ बसा.

साप किंवा विंचू चावला तर?

आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणा. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं. त्यासाठीचं विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. तिकडच्या सापाच्या विषावर बेतलेलं प्रतिविष इकडच्या सापाला पुरेसं पडतं का, हा आजचा मोठा प्रश्न आहे, आणि प्रदेशवार प्रतिविष बनवावं ही मागणी मला योग्य वाटते. तोवर जे आहे ते वेळेवर द्यायचं. मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच कुप्या लागतात, कारण सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं.

विंचवाची गोष्ट मी दर वर्षी इंटर्नना सांगते. लाल विंचवाने कोकणात पोरं पटापट दगावत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून पाहिलं की जीव घेतं ते हृदयावरचं ओझं, आणि रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरून पाहिली. १९८२ मध्ये त्यांचं पत्र ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. पुढे विंचवाचं प्रतिविष आलं, आणि २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर पेशंट लवकर सावरतो. स्वतःच्या औषधात भर घालायची गरज आहे, हे स्वतःच सिद्ध करायला मोठं मन लागतं.

हृदय बंद पडल्यावर इंजेक्शन देऊन ते पुन्हा सुरू होतं ना?

कधीकधी होतं. ब्रिटनमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या ८०१४ लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. ॲड्रेनालिन दिलेल्यांपैकी ३.२ टक्के महिनाभर जगले, न दिलेल्यांपैकी २.४ टक्के. पण घरी जाण्यापर्यंत पोचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण ॲड्रेनालिनच्या गटात ३१ टक्के होतं, दुसऱ्या गटात सुमारे १८ टक्के. हृदय परत आलं, माणूस परत येईलच असं नाही. आम्ही अजून ॲड्रेनालिन देतो, मीही देते. पण खरा फरक पडतो तो पहिल्या मिनिटांत घरातल्याच कोणी छाती दाबायला सुरुवात केली तर. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका.

तेव्हा आम्हाला बाहेर का काढता?

याबाबत माझं मत बदललं आहे. पूर्वी मीही सगळ्यांना बाहेर काढायची. फ्रान्समध्ये २०१३ च्या अभ्यासात ५७० नातेवाइकांपैकी काहींना ‘थांबायचं असेल तर थांबा’ असं मुद्दाम विचारलं. तीन महिन्यांनी त्यांच्यात मानसिक आघाताची लक्षणं कमी होती आणि डॉक्टरांच्या कामात अडथळाही आला नव्हता. आपल्याकडे एका पेशंटबरोबर पंधरा माणसं येतात, कधी मारहाणही होते, म्हणून सहकारी घाबरतात. त्यांची भीती मी नाकारत नाही. तरी मी आता एका माणसाला विचारते. गेल्या वर्षी एका आजींनी पडद्याच्या आत उभं राहून आजोबांचा पाय धरून ठेवला होता. आम्ही पंचवीस मिनिटं प्रयत्न केले. थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, सगळे घामाने भिजलात की हो. बसा आता.”

व्हेंटिलेटर नको म्हटलं तर आम्ही गुन्हा करतो का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या टप्प्यात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. उपचार काढून घ्यायचे तर तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात. आई ऐंशीची आहे, कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, आणि रात्री दोनला मुलाला “नळी घालू का?” असं मी विचारते, तेव्हा त्याला उत्तर सुचत नाही. हे बोलणं घरी, आई बोलू शकते तेव्हा व्हायला हवं.

अपघाताच्या पेशंटला पैसे किंवा पोलीस केस म्हणून परत पाठवता येतं का?

येत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्याचं मूळ असं: धडकेत जखमी झालेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून वीस किलोमीटर दूर पाठवलं आणि तो वाटेत गेला. न्यायालयाने सांगितलं की आधी जीव, कागद नंतर. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे.

कायदा असूनही तो पाळला जात नाही, हे माझ्या घरच्यांनी भोगलंय. माझ्या मावसभावाला बायपासवर ट्रकने उडवलं तेव्हा पहिल्या रुग्णालयाने अनामत रकमेसाठी चाळीस मिनिटं स्ट्रेचर दारात ठेवलं. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या चाळीस मिनिटांनी पाय वाचला असता का, ते कोणीच सांगू शकत नाही. आम्ही मात्र अजून तेच मोजत बसतो.

रुग्णालयात येताना काय आणावं?

चालू गोळ्यांच्या पट्ट्या, नावं पाठ नसली तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, शेवटचं कधी खाल्लं, त्रास नेमका किती वाजता सुरू झाला. पेशंटबद्दल ज्याला खरोखर माहिती आहे असा एक माणूस आत, बाकीचे बाहेर. आणि जुना ईसीजी असेल तर तो फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. आजचा बदल नवा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे दोन्ही कागद शेजारी धरले की लगेच कळतं.